झोप कुणाच्या खिशात गेली?

बारा-बारा तासांची पाळी करणाऱ्याला ‘झोप पुरी घेत जा बरं’ असा सल्ला सगळेच देतात. ती झोप चोवीस तासांत बसवायची कुठं, हे मात्र कुणी सांगत नाही. आपल्या अमरावती-अकोल्यात तर नाहीच नाही.

भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा, असं आपल्याकडची जुनी माणसं सांगतात. पोटात आग पडली की कोंडाही गोड लागतो, डोळ्यांवर झोप आली की उशाला दगडही चालतो. म्हण खरी आहे. पण ज्यानं ती केली, त्याला रात्रपाळी नसावी. त्यानं मे महिन्यात, अकोल्यात, दुपारी बारा वाजता, टिनाच्या खोलीत तो धोंडा उशाशी घेऊन पाहावा. चटका बसेल राजेहो, झोप कायची येते!

आपल्या वऱ्हाडात रात्री कोण कोण जागं असतं, याची कधी मोजदाद केली आहे? पारसच्या वीज केंद्राचे अडीचशे-अडीचशे मेगावॉटचे दोन संच रात्र झाली म्हणून बंद होत नाहीत. नांदगाव पेठच्या एमआयडीसीत कापडाचे कारखाने आहेत, अकोल्याच्या एमआयडीसीत डाळ मिल आणि तेलाचे कारखाने आहेत. कापसाचा हंगाम लागला की जिनिंगमध्ये रात्रीचा दिवस होतो. अमरावतीचं इर्विन, डफरीन, अकोल्याचं सर्वोपचार रुग्णालय, गल्लोगल्लीची खासगी हॉस्पिटलं, १०८ची ॲम्ब्युलन्स, बडनेरा आणि अकोला स्टेशन, हायवेवरचे पेट्रोल पंप, ढाबे, एटीएमच्या दारातला गार्ड, कॉलनीच्या गेटवरचा चौकीदार. यातली बहुतेक माणसं विशी-तिशीतली आहेत. म्हणजे आपल्याच वर्गातली पोट्टे-पोट्टी.

आणि ही संख्या वाढणारच आहे. २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्याच्या कार्यक्रमात पंतप्रधानांच्या हस्ते नांदगाव पेठच्या ‘पीएम मित्र’ वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी झाली. सुमारे हजार एकरांवरचा हा पार्क उभा राहिला, की आपल्यातले कितीतरी जण तिथं पाळीत लागतील. लागावेतच. पुण्या-मुंबईला जाऊन खोलीभाडं भरत बसण्यापेक्षा घरचं खाऊन नोकरी मिळाली तर कुणाला नको आहे? म्हणूनच झोपेचा हा विषय आत्ताच काढायला पाहिजे. कारखाना उभा राहून वेळापत्रक ठरून गेल्यावर नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. कुठली एक कंपनी किंवा एक हॉस्पिटल डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलेलं नाही. चांगलं चालवणारेही आहेत. प्रश्न पद्धतीचा आहे.

हिशेब जुळतच नाही

चला, वही-पेन घेऊ. दिवसाचे तास चोवीस. त्यातले बारा पाळीचे गेले. चार्ज देणं-घेणं, पंचिंग, कपडे बदलणं यात अर्धा तास. बोरगाव मंजूहून अकोल्याला किंवा वलगावहून नांदगाव पेठला दुचाकीनं, ऑटोनं जाणं-येणं धरा दीड तास. झाले चौदा. उरले दहा. अंघोळ, दोन वेळचं जेवण, डबा, कपडे यांना दोन तास लागतातच. दळण, किराणा, गॅस, बँक, आईचा दवाखाना, लेकराची शाळा यातलं एक तरी काम रोज निघतं. त्याला दीड तास. उरले साडेसहा.

हे साडेसहा कधी मिळतात? डोकं टेकवल्या टेकवल्या झोप लागली, मधे कुणी दार वाजवलं नाही आणि मोबाइलला हात लावला नाही, तर. अमेरिकेतल्या ‘नॅशनल स्लीप फाउंडेशन’च्या तज्ज्ञ गटानं २०१५ मध्ये १८ ते २५ या वयासाठी सात ते नऊ तासांची झोप सांगितली आहे. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी आपला पोरगा रोज अर्ध्या ते अडीच तासांच्या उधारीवर जगतो. सहा दिवसांच्या आठवड्यात ही उधारी कमीत कमी तीन तास आणि जास्तीत जास्त पंधरा तास. रविवारी दुपारपर्यंत लोळलं की थोडी वसुली होते, पण पूर्ण खातं काही साफ होत नाही. सोमवारी पुन्हा उधारी सुरू.

त्यात ‘रिलीव्हर आला नाही’ हे वाक्य ज्यानं ऐकलं आहे, त्याला वरचा हिशेबसुद्धा चैनीचा वाटेल. पुढच्या पाळीचा माणूस आला नाही की याच माणसाला ‘डबल’ मारायला लावतात. नाही म्हणायची सोय नसते. मशीन बंद ठेवता येत नाही, पेशंट सोडून जाता येत नाही, गेट उघडं टाकता येत नाही. मग माणूसच थांबतो.

दिवसा झोपायचं म्हणजे कसं?

‘रात्री काम केलं तर दिवसा झोपायचं, त्यात काय?’ असं म्हणणारे भेटतात. पण झोप ही काही दुकानातली साखर नाही, केव्हाही घेतली तरी तेवढीच गोड लागायला. आपल्या शरीरात एक घड्याळ आहे आणि ते उजेडावर चालतं. हे घड्याळ पेशीच्या आत कसं फिरतं, हे फळमाशीवर प्रयोग करून शोधणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. उजाडलं की हे घड्याळ शरीराला ‘ऊठ’ म्हणतं, अंधार पडला की ‘नीज’ म्हणतं. रात्रपाळीवाला बरोबर उलटं करायला जातो. म्हणून कितीही थकलेला असला तरी त्याची दिवसाची झोप रात्रीच्या झोपेपेक्षा तुटक आणि कमी भरते. दहा-अकराला डोळा लागतो आणि एक-दीडला टक्क जाग येते.

दुसरी गोष्ट आपल्या भागाची. झोप लागायला शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. मे २०२४ मध्ये अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढं गेला आणि जिल्हा प्रशासनाला ३१ मेपर्यंत चक्क कलम १४४ लावावं लागलं. कामगारांसाठी पिण्याचं पाणी, पंखे-कूलर यांची सोय करा, भर उन्हाच्या वेळात कोचिंग क्लास घेऊ नका, असं सांगावं लागलं. चांगलंच केलं. पण अशा आदेशांत विचार होतो तो उन्हात काम करणाऱ्याचा. रात्रभर काम करून भर उन्हात झोपणारा सहसा कुणाच्या यादीत नसतो. त्याची खोली टिनाची असते, भाड्याची असते, वरच्या मजल्याची असते. कूलरला पाणी लागतं आणि आपल्याकडं नळ रोज येत नाही. ज्या दिवशी येतो त्या दिवशी झोप सोडून भांडी भरायला उठावं लागतं. पाणी आहे तर लाइन जाते. लाइन गेली की कूलर बंद, कूलर बंद की झोप बंद.

तिसरी गोष्ट उन्हापेक्षाही जास्त चटका देणारी आहे. आपल्याकडं दिवसा झोपणं म्हणजे आळस. ‘अजून लोळूनच आहे का बाप्पा?’ हे वाक्य रात्रपाळी करणाऱ्या प्रत्येकानं ऐकलेलं असतं. त्यानं रात्री बारा तास मशीन चालवलं, हे शेजाऱ्यानं पाहिलेलं नसतं. दुपारी बारा वाजता तो झोपलेला मात्र दिसतो. पाहुणे आले की उठवतात, कुरिअर आलं की उठवतात, ‘घरीच आहेस तर एवढं काम करून दे’ म्हणून उठवतात. मुलीचं तर विचारूच नका. नाइट ड्युटी करून आलेल्या नर्सनं आधी स्वयंपाक करायचा, धुणं टाकायचं, मग जमलं तर पाठ टेकायची. तिचा भाऊ रात्रपाळी करून आला तर घरात ‘हळू बोला, तो झोपला आहे’. ती आली तर ‘बरं झालं आलीस, कुकर लाव’. झोपेतसुद्धा वाटा सारखा नाही.

न पिता चढलेली

झोप कमी झाली म्हणून काय होते? चिडचिड होते, ॲसिडिटी होते, वजन वाढते, एवढं सगळ्यांना माहीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००७ मध्ये शरीराच्या घड्याळात बिघाड करणाऱ्या पाळीच्या कामाला ‘कर्करोगाला बहुधा कारणीभूत’ या गटात टाकलं आणि २०१९ मध्ये फेरतपासणी करून रात्रपाळी त्याच गटात ठेवली. पण विशी-बाविशीत असल्या गोष्टींची भीती वाटत नाही. ‘पन्नाशीचं पन्नाशीत पाहू’ असंच वाटतं. म्हणून आज रात्रीचंच बोलू.

ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये एक साधी तुलना मांडली. सलग सतरा तास जागलेल्या माणसाचा हात-डोळ्यांचा मेळ हा रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतका बिघडतो. आपल्या मोटार वाहन कायद्यात गाडी चालवताना चालणारी मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. आता आपला हिशेब लावा. दुपारी बाराला जागा झालेला पोरगा रात्री आठला ड्युटीवर चढतो. पहाटे पाचला त्याचे सतरा तास भरतात. तेव्हा तो मशीनवर असतो, स्टीअरिंगवर असतो किंवा हातात इंजेक्शन घेऊन उभा असतो. सकाळी आठला सुटतो तेव्हा वीस तास झालेले असतात आणि तो दुचाकीला किक मारून हायवेला लागतो. कायद्याच्या मर्यादेपेक्षा जास्त ‘चढलेली’ आहे, फक्त थेंबही न पिता. नाक्यावरचं पोलिसांचं यंत्र दारू पकडतं. झोप पकडणारं यंत्र नाक्यावर नाही.

अशा वेळी डोळे उघडे असून मेंदू दोन-चार सेकंद झोपून घेतो. ताशी साठच्या वेगात चार सेकंद म्हणजे सुमारे ६७ मीटर. एवढं अंतर गाडी कुणीच चालवत नसतं. समृद्धी महामार्ग सुरू झाल्यावर ‘रोड हिप्नॉसिस’ हा शब्द आपल्या बोलण्यात आला. सरळ, एकसुरी रस्त्यावर ड्रायव्हरची तंद्री लागते, हे आता सगळे सांगतात. पण रस्ता सरळ आहे एवढंच का पाहायचं? त्या ड्रायव्हरनं आदल्या चोवीस तासांत किती झोप घेतली होती, हा प्रश्न आधी विचारायला हवा. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास ही मर्यादा आणि दोन दिवसांच्या कामात किमान सलग नऊ तासांची विश्रांती लिहिलेली होती. ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरला कधी विचारून पाहा, हे त्याला कुणी सांगितलं आहे का.

३.५ माणसांची गोष्ट

आता मुद्द्याची गोष्ट. आपल्या झोपेचं काय करायचं, हा प्रश्न आला की सगळे आपल्याकडंच बोट दाखवतात. मोबाइल पाहू नका, चहा कमी प्या, योगा करा. यात चूक काही नाही. पण एक साधं गणित कुणी मांडत नाही.

एक जागा चोवीस तास, सातही दिवस चालू ठेवायची असेल तर आठवड्याला १६८ तास भरावे लागतात. एका माणसानं आठवड्याला ४८ तास करायचे, असं कायदा म्हणतो. १६८ भागिले ४८ म्हणजे साडेतीन. म्हणजे गेटवरची एक खुर्ची, वॉर्डातली एक नर्स, बॉयलरवरचा एक ऑपरेटर, या प्रत्येक जागेसाठी साडेतीन माणसं लागतात. कुणी आजारी पडलं, कुणी रजेवर गेलं हे धरलं तर चार. आता प्रत्यक्षात पाहा. कितीतरी ठिकाणी ती खुर्ची दोघं जण चालवतात. एक दिवसा, एक रात्री. १६८ भागिले दोन म्हणजे ८४. आठवड्याला ८४ तास, सुट्टी शून्य. तीन माणसं ठेवली तरी प्रत्येकी ५६.

म्हणजे तुमची झोप मोबाइलनं खाल्ली, हे अर्धसत्य आहे. उरलेलं सत्य असं, की तुमच्या शेजारी जी दीड-दोन माणसं कामाला असायला हवी होती, ती भरलीच नाहीत. त्यांचे पगार वाचले. ते पगार ज्याच्या खिशात गेले, तुमची झोपही त्याच्याच खिशात गेली. आणि त्याच वेळी गावात दीड-दोन पोरं ‘काम नाही’ म्हणून चौकात बसून आहेत. एकाला झोप नाही, दुसऱ्याला काम नाही. दोन्ही एकाच गणिताची उत्तरं आहेत.

चोवीस तास काम चालूच शकत नाही, असं नाही. आपल्याच अमरावती-अकोला रस्त्याचं उदाहरण घ्या. जून २०२२ मध्ये राष्ट्रीय महामार्ग ५३ वर लोणी ते माना या भागात एका लेनचा सलग ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि गिनेस बुकात नोंद झाली. १०५ तास म्हणजे चार दिवसांपेक्षा जास्त. काम थांबलं नाही. पण त्या कामावर ७२० माणसं लावली होती. डांबर सलग पडू शकतं, मशीन सलग चालू शकतं. माणूस सलग १०५ तास चालू शकत नाही. जगाचा विक्रम करायचा म्हटलं की हे सगळ्यांना कळतं. रोजचं गेट राखायचं म्हटलं की विसर पडतो.

कायदा काय म्हणतो?

आठ तास काम ही काही आकाशातून पडलेली गोष्ट नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना बांधली आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवली. त्याआधी गिरणीतल्या माणसाला हक्काची सुट्टीच नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आणण्याचा पाया घातला गेला आणि १९४६ च्या दुरुस्तीनं तो कायदा झाला. पुढं १९४८ च्या कारखाने कायद्यानं तेच कायम केलं. म्हणजे ४८ तासांच्या पलीकडची झोप ही कुणाची मेहरबानी नाही. ती आधीच्या पिढ्यांनी भांडून मिळवलेली आहे.

आता उलट वारं वाहतं आहे. ३ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळानं कारखान्यांतली दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तासांवर नेण्याला मंजुरी दिली. तीन महिन्यांतल्या ओव्हरटाइमची मर्यादा ११५ वरून १४४ तासांवर न्यायचं ठरलं. वीस किंवा जास्त कामगार असलेल्या दुकानांत, आस्थापनांत नऊचे दहा तास. आठवड्याचे ४८ तासच राहतील, कामगाराची लेखी संमती लागेल, ओव्हरटाइम दुप्पट दरानं मिळेल, असं सांगितलं गेलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या श्रम संहिता लागू झाल्या. त्यातही दिवसाला आठ तास, ओव्हरटाइमला संमती आणि दुप्पट दर आहेच.

कागदावर हे वाचलं तर वाटतं, वा! चार दिवस बारा तास, तीन दिवस सुट्टी! पण ज्यानं एमआयडीसीत काम केलं आहे तो हसतो. संमतीचा कागद जॉइनिंगच्याच दिवशी दहा कागदांत सही करून घेतला, तर ती संमती कसली? ‘सही नाही करत’ म्हणणाऱ्याला दुसऱ्या दिवशी ठेकेदार बोलावतच नाही. आणि पाचव्या दिवशी ‘रिलीव्हर आला नाही’ हे आहेच. बारा तास कायदेशीर झाले की तेराव्या, चौदाव्या तासाची वाट मोकळी होते, ही खरी भीती आहे.

शिकल्या-सवरल्यांचं तरी बरं चाललं आहे का? निवासी डॉक्टरांसाठी केंद्रानं १९९२ मध्येच सांगून ठेवलं होतं, की साधारणपणे आठवड्याला ४८ तास आणि एका दमात बारा तासांपेक्षा जास्त काम नको. बत्तीस वर्षांनी, २०२४ मध्ये, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती गटाला निवासी डॉक्टरांना आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त काम देऊ नका, सात-आठ तास झोपू द्या, अशी शिफारस करावी लागली. म्हणजे ७४ सुद्धा ‘कमी करून’! जो डॉक्टर आपल्याला झोप पुरी घ्या म्हणून सांगतो, त्यालाच झोपेची चिठ्ठी मिळत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं एका प्रकरणात तपास यंत्रणेला सुनावलं, की चौकशीच्या नावाखाली माणसाला रात्रभर जागवून जबाब नोंदवणं योग्य नाही. झोप ही माणसाची मूलभूत गरज आहे. संशयिताच्या झोपेचा न्यायालयानं विचार केला, हे योग्यच झालं. मग ज्याच्यावर कसलाच आरोप नाही, ज्यानं फक्त नोकरी केली, त्याच्या झोपेचं काय?

‘झोपून पोट भरते का?’

हा प्रश्न येणारच आणि तो खोटा नाही. ओव्हरटाइम पोरांनाच हवा असतो. बहिणीचं लग्न आहे, शेतीचं कर्ज आहे, गाडीचा हप्ता आहे, सोयाबीनला भाव नाही. बारा हजारांत भागत नाही म्हणून डबल मारून सोळा करायचे. कुणी दिवसा कॉलेज आणि रात्री ड्युटी करतो, कुणी ड्युटी करून वाचनालयात बसतो. रात्र थोडी आणि सोंगे फार! अशा पोराला ‘आठ तास झोप’ म्हणणं म्हणजे त्याची थट्टाच.

पण जरा थांबून पाहा. आठ तासांच्या कामात घर चालत नाही, हा पगाराचा प्रश्न आहे. तो झोप विकून सुटत नाही, फक्त पुढं ढकलला जातो. आणि विकायचीच असेल तर निदान भाव तरी पुरा घ्या. ओव्हरटाइम दुप्पट दरानं द्यायचा असतो. तो एकेरी दरानं, ‘हातावर’, पावतीशिवाय मिळत असेल, तर तुम्ही झोप अर्ध्या किमतीत विकत आहात. मालकाचीही बाजू आहे. जिनिंगचा हंगाम चार महिन्यांचा, विजेचा खर्च मोठा, माणसं टिकत नाहीत. पण माणसं का टिकत नाहीत? झोपेनं मारलेला पोरगा तीन महिन्यांत पळून जातो किंवा त्याचं बोट मशीनमध्ये जातं. तिसरा माणूस ठेवणं महाग वाटतं, अपघात त्याहून महाग पडतो.

आपल्या हातात काय?

जे आपल्या हातात आहे ते आपण करू. सकाळी सुटल्यावर डोळ्यांवर गॉगल, डोक्याला दुपट्टा. ऊन डोळ्यांत कमी गेलं तर शरीराचं घड्याळ कमी भडकतं. घरी आल्यावर आधी झोप, मग कामं. ‘थोडं रील पाहतो’ म्हणत अकरा वाजवायचे आणि मग उन्हाला शिव्या द्यायच्या, हे चालणार नाही. पाळी संपण्याआधीच्या पाच-सहा तासांत चहा-कॉफी बंद. पहाटे चारचा कडक चहा सकाळी दहालाही रक्तात असतो. खिडकीला जाड गोधडी, कानात कापूस, फोन दुसऱ्या खोलीत. दारावर पाटी लावा, ‘रात्रपाळी आहे, दोन वाजेपर्यंत बेल वाजवू नये’. लाजायचं कायले? सुटल्यावर डोळे मिटत असतील तर गाडी काढू नका, गेटवरच वीस मिनिटं पडा. नासानं लांबच्या विमानांच्या वैमानिकांवर केलेल्या अभ्यासात सरासरी २६ मिनिटांच्या डुलकीनंसुद्धा सावधपणा वाढलेला दिसला होता. विमान चालवणाऱ्याला जे चालतं, ते स्प्लेंडरवाल्यालाही चालेल.

आणि घरच्यांनो, तुमच्या हातातही आहे. दिवसा झोपलेला पोरगा किंवा पोरगी आळशी नाही. तिची रात्र विकली गेली आहे. निदान दुपार तिला राहू द्या.

पण हे सगळं करूनही वही-पेनातले साडेसहा तास साडेसहाच राहतात. म्हणून मागायचं ते मागितलंच पाहिजे. पाळ्यांचं वेळापत्रक पंधरा दिवस आधी, लेखी. दोन पाळ्यांमध्ये किमान अकरा तासांचं अंतर. युरोपात हा नियम आहे. पाळी बदलायची तर सकाळ, मग दुपार, मग रात्र अशा क्रमानं, उलटी नाही. प्रत्येक कारखान्यात, हॉस्पिटलात पडायला एक खोली, दोन खाटा, एक कूलर. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यात जिचा खून झाला ती डॉक्टर लांबलेल्या ड्युटीत सेमिनार हॉलमध्ये विसावली होती, हे आपण इतक्यात विसरू नये. उन्हाळ्याच्या आदेशात रात्रपाळीवाल्यांच्या दिवसाच्या झोपेचा उल्लेख आणि मे महिन्यात दुपारच्या वेळी देखभालीसाठी लाइन बंद न करण्याची काळजी. आणि कामगार आयुक्तालय, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय यांनी तपासणीला गेल्यावर मशीनच्या जाळीसोबत हजेरीचं रजिस्टरही उघडावं. एका खुर्चीवर किती नावं आहेत, एवढंच मोजावं.

पुढच्या वेळी नोकरीच्या मुलाखतीला जाल तेव्हा ‘पगार किती’ हे विचारालच. त्यासोबत आणखी एक विचारा, ‘या एका जागेवर माणसं किती आहेत, साहेब?’ उत्तर ‘दोन’ आलं, तर पगाराच्या आकड्यातून रोजची दोन तास झोप वजा करा आणि मग ठरवा. हा प्रश्न एका पोरानं विचारला तर साहेब हसेल. दहा जणांनी विचारला तर चिडेल. नांदगाव पेठपासून पारसपर्यंत सगळ्यांनीच विचारला, तर कुठंतरी तिसरा माणूस भरावाच लागेल.